‘मी साहेबांना सांगितलं होतं’

एप्रिल २०१९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या काही आदिवासी मुली आजारी पडल्या. त्यांना दवाखान्यात नेले आणि तिथून जे उजेडात आले, त्याने सारा विदर्भ हादरला. वसतिगृहात अल्पवयीन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचा गुन्हा दाखल झाला, अधीक्षकासह काही जणांना अटक झाली आणि तपास पुढे सरकला तसा अत्याचार सोसलेल्या मुलींचा आकडा सतरावर गेला. या मुलींवर उपचार करण्यासाठी नेमलेल्या एका डॉक्टरचेही नाव आरोपींमध्ये आले. अत्याचार केल्याचा आरोप त्याच्यावर नव्हता. मुलींवर काय गुदरते आहे हे ठाऊक असूनही त्याने पोलिसांना कळवले नाही, हा आरोप होता.

एप्रिल २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी आणि न्या. सी. टी. रविकुमार यांच्या पीठाने नागपूर खंडपीठाचा तो निकाल रद्द केला. डॉक्टर दोषी आहे असे या पीठाने म्हटलेले नाही. ते खटल्यात ठरायचे. पण मुलावर अत्याचार झाल्याचे माहीत असूनही गप्प राहणे हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा त्यामागे गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, एवढे त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. मुलींचे जबाब समोर असताना खटला उभा राहण्यापूर्वीच तो मोडीत काढता येणार नाही, असेही सांगितले.

गोंदिया जिल्ह्याने हा निकाल जपून ठेवण्यासारखा आहे. देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखाली येणाऱ्या शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळांत, शिवाय शहरांतील वसतिगृहांत आपल्या जिल्ह्यातली हजारो मुले राहून शिकतात. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतल्या टोल्यांवरून सहा-सात वर्षांचे पोर शाळेत आणून सोडतात आणि मग ते घर पाहते ते दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुटीत. मधल्या काळात त्याच्या आयुष्यात मोठी माणसे कोण? अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी, वर्गशिक्षक. आणि खेळात थोडी चमक असेल तर खेळाचे सर, म्हणजे कोच. कागदावर कोचचे पद सगळ्यांत किरकोळ असते. मुलांच्या मनात मात्र तोच सगळ्यांत मोठा असतो. पहाटे पाचला मैदानावर तोच असतो, गुडघा फुटला तर तोच हळद लावतो, संघात कोण जाणार आणि कोण राहणार हे तोच ठरवतो. प्रकल्पस्तरीय स्पर्धेतून विभागावर, विभागावरून राज्यावर निवड झाली तर प्रमाणपत्र मिळते. त्या प्रमाणपत्रावर पुढे दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतले खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण अवलंबून असते. कोरडवाहू दोन एकरांवर जगणाऱ्या घरातल्या मुलीसाठी कोचचा शब्द म्हणजे उद्याची नोकरी.

एवढी सत्ता हाती असलेला माणूस स्वतःच भक्षक झाला तर काय होते, हे आपण पाहिलेले आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रांत दहा वर्षांत लैंगिक छळाच्या किमान ४५ तक्रारी झाल्या आणि त्यांपैकी २९ प्रशिक्षकांविरुद्ध होत्या, असे माहिती अधिकारातून २०२० साली बाहेर आले. त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. तिथे कायदा आहे, शिक्षा आहे. आम्हांला आज बोलायचे आहे ते दुसऱ्या कोचबद्दल. ज्याने काहीही वाईट केलेले नाही, ज्याच्या कानावर फक्त आले, त्याच्याबद्दल.

कानावर येणे म्हणजे तरी कसे? मूल तक्रारीचा अर्ज लिहून आणत नाही. खो-खोच्या सरावात रोज पहिली धावणारी मुलगी सलग आठ दिवस ‘पोट दुखते’ म्हणून कडेला बसते. रात्री अभ्यासिकेतून खोलीकडे जाताना ती एकटी जायला तयार नसते. एखादा मुलगा ठरावीक माणसाची ड्यूटी असली की अंथरूण ओले करतो. स्पर्धेला बाहेरगावी गेल्यावर, शाळेपासून लांब, बसमध्ये शेजारी बसलेली मुलगी खिडकीबाहेर पाहत एखादे अर्धे वाक्य बोलून जाते. सराव घेणाऱ्या माणसाला या मुलांची शरीरे, त्यांचा वेग, त्यांचे दमणे तोंडपाठ असते. बिघाड सर्वांत आधी त्याच्याच लक्षात येतो. म्हणूनच ‘मला काही माहीत नव्हते’ हे वाक्य कोचच्या तोंडी फार काळ टिकत नाही. त्याच्याकडून बहुधा ऐकू येते ते दुसरेच वाक्य: ‘मी साहेबांना सांगितलं होतं.’

या वाक्यावर जगात सर्वांत मोठा वाद झाला तो अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत. जो पॅटर्नो हे १९६६ पासून तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य कोच होते. ४०९ विजय त्यांच्या नावावर होते. खेळाडूंनी शिकलेही पाहिजे असा आग्रह धरणारा, विद्यापीठाच्या ग्रंथालयाला स्वतःच्या पैशातून देणगी देणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. मैदानाबाहेर त्यांचा पुतळा उभा होता. तीस वर्षे त्यांचा सहायक राहिलेल्या जेरी सँडस्की याने गरीब, आधार नसलेल्या मुलांसाठी संस्था काढली होती आणि त्याच संस्थेतल्या मुलांवर तो अत्याचार करत होता. १९९८ मध्ये त्याची एकदा चौकशी झाली आणि ती मिटली. १९९९ मध्ये तो निवृत्त झाला, पण मैदानाच्या, व्यायामशाळेच्या किल्ल्या त्याच्याकडेच राहिल्या. फेब्रुवारी २००१ मध्ये माइक मॅकक्वीरी या तरुण सहायकाने रात्री न्हाणीघरात सँडस्कीला एका लहान मुलाबरोबर पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पॅटर्नोंच्या घरी गेला आणि त्याने सांगितले. पॅटर्नोंनी ते क्रीडा संचालक टिम कर्ली यांच्या कानावर घातले. कर्ली, उपाध्यक्ष गॅरी शुल्झ आणि विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रॅहॅम स्पॅनियर यांनी आपसात ठरवले की सँडस्कीशी बोलावे, मुलांना आवारात आणू नकोस असे सांगावे. पोलिसांना कुणीच कळवले नाही. सँडस्कीला अटक झाली ती नोव्हेंबर २०११ मध्ये. मधल्या दहा वर्षांत आणखी मुले त्याच्या हाती लागली. २०१२ मध्ये ज्यूरीने त्याला ४५ आरोपांत दोषी धरले आणि ३० ते ६० वर्षांची शिक्षा झाली.

पॅटर्नोंवर गुन्हा दाखल झाला नाही. त्या वेळच्या पेनसिल्व्हेनियातील कायद्यानुसार संस्थेतल्या कर्मचाऱ्याने वरिष्ठाला कळवले की त्याचे काम संपत होते, आणि सरकारी वकिलांनीच पत्रकार परिषदेत सांगितले की त्यांनी कायद्याचे पालन केले. त्याच पत्रकार परिषदेत राज्य पोलिसांच्या प्रमुखांनी नैतिक जबाबदारीचा प्रश्न काढला आणि दोनच दिवसांनी, ९ नोव्हेंबर २०११ रोजी, विश्वस्तांनी पॅटर्नोंना फोनवरून काढून टाकले. त्या रात्री विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्यांनी वृत्तवाहिनीची गाडी उलथवली. राग कोचवर झालेल्या अन्यायाचा होता. मुलांची नावे कुणाला माहीतही नव्हती. जानेवारी २०१२ मध्ये पॅटर्नो वारले. जुलैमध्ये लुई फ्री यांच्या चौकशी अहवालाने चौघांवरही प्रकरण दडपल्याचा ठपका ठेवला. कुटुंबाने तो फेटाळला, स्वतःचा प्रतिअहवाल काढला. वादाच्या मध्यभागी एक ई-मेल होता. २००१ मध्ये आधी बालकल्याण खात्याला कळवायचे ठरले होते. मग कर्ली यांनी लिहिले की अधिक विचार केल्यावर आणि काल जो यांच्याशी बोलल्यावर आपल्याला ते पटेनासे झाले आहे. जो नेमके काय बोलले, हे ई-मेलमध्ये नाही. समर्थक म्हणतात, यावरून काहीच सिद्ध होत नाही. विरोधक म्हणतात, सगळेच सिद्ध होते.

आम्हांला त्या ई-मेलपेक्षा त्यानंतरची दहा वर्षे महत्त्वाची वाटतात. समजा, पॅटर्नोंनी वरिष्ठांना पूर्ण प्रामाणिकपणे सांगितले. मग पुढल्या आठवड्यात त्यांनी विचारले का, की त्या पोराचे काय झाले? ते पोर कोण होते? पुढल्या महिन्यात, पुढल्या वर्षी? सँडस्की त्यानंतरही त्याच आवारात वावरत होता, त्यांच्या डोळ्यांसमोर. क्रीडा संचालक नावाला त्यांचे वरिष्ठ होते; प्रत्यक्षात त्या गावात पॅटर्नोंचा शब्द खाली पडू देण्याची कुणाची टाप नव्हती. ज्याच्या एका फोनवर पोलीस धावत आले असते, त्याने कनिष्ठ कारकुनासारखे ‘वर कळवले’ म्हणून थांबणे, याला आम्ही जबाबदारी पार पाडणे मानत नाही. जबाबदारी पदनामाने ठरत नाही. हाती जेवढा अधिकार, तेवढी ती वाढते. आपण आणखी काही करायला हवे होते, असे पॅटर्नो स्वतःही शेवटी म्हणाले. तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता, पण त्या मुलांना त्याचा काही उपयोग नव्हता. कर्ली आणि शुल्झ यांनी २०१७ मध्ये मुलांची सुरक्षितता धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला, स्पॅनियर दोषी ठरले आणि पुढे तिघांनाही कोठडी पाहावी लागली. आणि पेनसिल्व्हेनियाने २०१४ मध्ये कायदा बदलला: आता शिक्षकाने, कोचने थेट शासनयंत्रणेला कळवायचे, वरिष्ठाला सांगून भागत नाही.

अमेरिकेतल्या त्या राज्याला एवढी किंमत मोजून जे सुचले, ते आपल्या कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ म्हणते की मुलावर अत्याचार झाल्याचे माहीत असलेल्या, किंवा होण्याची धास्ती वाटणाऱ्या, कोणत्याही व्यक्तीने विशेष बालपोलीस पथकाला अथवा स्थानिक पोलिसांना कळवले पाहिजे. मुख्याध्यापक, संस्थाचालक, प्रकल्प अधिकारी यांचा त्यात उल्लेखही नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. तेव्हा देवरीच्या पलीकडच्या एखाद्या आश्रमशाळेतला कोच ‘मी साहेबांना सांगितलं होतं’ म्हणतो तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्याने अर्धेही काम केलेले नसते. हे त्याला कुणी कधी सांगितले आहे का, हा खरा प्रश्न आहे. आमची खात्री आहे की बहुतेकांना कुणी सांगितलेले नाही. कायद्याचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, फाशीपर्यंतची शिक्षा ठाऊक आहे. कळवण्याचे कर्तव्य आपल्यावर, एकेकट्यावर आहे, हे ठाऊक नाही.

या कर्तव्याची हद्द कुठे, यावर सर्वोच्च न्यायालयातही सरळ एकच उत्तर मिळालेले नाही. केरळमधल्या एका प्रकरणात अल्पवयीन मुलगी रुग्णालयात बाळंत झाली. दाखल करताना तिचे वय अठरा सांगितले होते. डॉक्टर आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापनावर न कळवल्याचा खटला भरला गेला. सिस्टर टेसी जोस प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांना मोकळे केले. कायदा माहिती असणाऱ्याला बांधतो, माहिती खणून काढायला लावत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. चार वर्षांनी राजुऱ्याच्या निकालात भर पडला तो दुसऱ्या बाजूवर. आम्हांला दोन्ही निकाल एकमेकांशी भांडणारे वाटत नाहीत. कोचने गुप्तहेर व्हावे, अशी कुणाची अपेक्षा नाही. प्रत्येक उदास मुलीमागे गुन्हा शोधत सुटणेही योग्य नाही. पण मुलाने तोंड उघडले, एखाद्या सहकाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले सांगितले, किंवा धास्ती वाटावी असे ठोस काही समोर आले, की ‘आधी खात्री करून घेऊ’ म्हणायचा अधिकार कोचला राहत नाही. खात्री करणे हे तपास अधिकाऱ्याचे काम. कोचने मुलीला चार वेळा तेच विचारले, संशयित माणसाला समोर बोलावून ‘खरे काय’ म्हटले, तर पुरावा बिघडतो, मुलीवर दडपण येते आणि समोरचा सावध होतो. चांगल्या हेतूने केलेली घरगुती चौकशी आरोपीच्याच पथ्यावर पडते.

तरीही गप्प बसण्यामागची कारणे धुडकावून लावण्याजोगी नाहीत. खोट्या तक्रारीचे कारण आम्ही फार मनावर घेत नाही. राजुरा प्रकरणातही भरपाईच्या आशेने पालक पुढे येतात असे बोलले गेले आणि त्यावर राज्यभर संताप उसळला, तो रास्तच होता. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतीही कारवाई होणार नाही, असे कलम १९ मध्येच लिहिलेले आहे. शिक्षा आहे ती द्वेषाने जाणूनबुजून खोटे सांगणाऱ्याला. दुसरे कारण मात्र जड आहे. ‘बोभाटा झाला तर पोरी घरी नेतील’ हे आश्रमशाळेतले शिक्षक पोटतिडकीने म्हणतात आणि ते खोटे नाही. एक प्रकरण वर्तमानपत्रात आले की दहा गावांतले पालक मुलींना घेऊन जातात. काहींचे शिक्षण तिथेच सुटते, काहींची वर्षभरात लग्ने लागतात. गुन्हा एकाने केलेला असतो आणि शाळा सुटते शंभरजणींची. पण याचा इलाज गुन्हा झाकणे हा कसा असेल? झाकलेले कधीतरी बाहेर येतेच, आणि तेव्हा पालकांना दोन गोष्टी कळतात: अत्याचार झाला हे, आणि सरांना माहीत होते हे. दुसरी कळल्यावर ते मुलींना परत पाठवत नाहीत. पहिल्याच दिवशी कोच आणि मुख्याध्यापक पोलिसांत गेले, पालकांना त्यांनीच बोलावून सांगितले, तर निदान विश्वास ठेवायला जागा उरते.

तिसरे कारण आपल्या भागाचे आहे. चिचगड, केशोरी, सालेकसा हा पट्टा वर्षानुवर्षे नक्षलप्रभावित म्हणून नोंदलेला. इथल्या माणसाला पोलीस ठाणे म्हणजे आपले गाऱ्हाणे मांडायची जागा असे सहज वाटत नाही. ठाण्याची पायरी चढली की कोण पाहील आणि काय अर्थ काढेल, हा विचार आधी येतो. मुलगी घरी गोंडी बोलत असेल, जबाब घेणाऱ्याला ती येत नसेल, तर पुढे काय होते ते सांगायला नको. कायद्यात दुभाषा देण्याची तरतूद आहे आणि मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यावा असेही आहे. कोचला हे माहीत असले तर तो पालकांना धीर देऊ शकतो. माहीत नसले तर तोही त्यांच्याइतकाच बिचकतो.

आणि चौथे कारण कोचच्या स्वतःच्या पोटाचे. आश्रमशाळांत क्रीडाशिक्षक कितीतरी ठिकाणी कंत्राटी, नाहीतर तासिका तत्त्वावर. दरवर्षी जूनमध्ये आदेश येईल की नाही या काळजीत असलेल्या तरुणाने संस्थाचालकाच्या नातलगाविरुद्ध किंवा अधीक्षकाविरुद्ध ठाण्यात जाऊन उभे राहावे, अशी आपण अपेक्षा करतो. मॅकक्वीरीने शेवटी साक्ष दिली, पण विद्यापीठाने त्याची नोकरी काढून घेतली. पुढे न्यायालयात भांडून त्याला लाखो डॉलरची भरपाई मिळाली. आपल्याकडे हरियाणात १९९० साली लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्ष आणि पोलीस महानिरीक्षक असलेल्या एस. पी. एस. राठोड याने चौदा वर्षांच्या खेळाडू मुलीचा विनयभंग केला. तिच्या मैत्रिणीने ते पाहिले आणि मैत्रिणीच्या आईवडिलांनी प्रकरण लावून धरले. ती मुलगी १९९३ मध्ये जिवाला मुकली. राठोड दोषी ठरला डिसेंबर २००९ मध्ये. त्या आईवडिलांनी एकोणीस वर्षे काय सोसले, हे साऱ्या देशाने वाचले आहे. ज्याला हे ठाऊक आहे त्या कोचला ‘तू गप्प का राहिलास’ एवढेच विचारून सोडणे अर्धवट आहे. त्याला बोलते राहता यावे यासाठी प्रशासनाने काय केले, हेही विचारावे लागेल. कायदा त्याला खटल्यापासून वाचवतो, पण पुढच्या जूनमध्ये थांबवल्या जाणाऱ्या नेमणुकीपासून वाचवत नाही.

मौनाचा हा प्रश्न आपल्या राज्यात पुन्हा पुन्हा समोर आला आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यातल्या पाळा येथील आश्रमशाळेचे प्रकरण बाहेर आले, मुख्याध्यापकासह अनेक कर्मचारी अटकेत गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर. तिथे चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार नोंदवायलाच पालकांना तासन्‌तास तिष्ठावे लागले, २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखली आणि मुख्याध्यापिका व विश्वस्तांवर न कळवल्याबद्दल पॉक्सोखाली गुन्हा दाखल झाला. ही मोठी गोष्ट होती: एका नावाजलेल्या शाळेच्या चालकांना ‘तुम्हांला कधी कळले आणि कळल्यावर तुम्ही काय केले’ असे कायद्याने विचारले जात होते. पण २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला आणि सगळी चर्चा त्या गोळीबाराकडे वळली. शाळेच्या मौनाचा प्रश्न पानाच्या खालच्या कोपऱ्यात गेला. शासनाने त्यानंतर सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेट्या, सखी सावित्री समित्या यांवर जोर दिला. त्यात गैर काही नाही. फक्त, कॅमेरा व्हरांड्यात लागतो, मूल बोलते ते मैदानाच्या कडेला किंवा बसमध्ये. तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे असते हे मुलांना पक्के माहीत असते.

शिवाय आणखी एक जागा या सगळ्या आदेशांतून सुटते. शाळेला शिक्षणाधिकारी आहेत, आश्रमशाळेला प्रकल्प अधिकारी आहेत. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी इथे पोलीस भरती आणि सैन्यभरतीची तयारी करून घेणाऱ्या खासगी अकॅडमींकडे नियमित तपासणीला जाणारे असे एक खाते नाही. तिथे सतरा-अठरा वर्षांच्या मुली पहाटे चारला मैदानावर येतात, काही अकॅडमींच्या वसतिगृहांत राहतात, छातीची, उंचीची मापे तिथेच घेतली जातात. २०२० च्या पॉक्सो नियमांत मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थांची नावे घेताना क्रीडा अकादमींचा स्पष्ट उल्लेख केलेला आहे: प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी, वेळोवेळी प्रशिक्षण, ही त्यांच्यावरही बंधने आहेत. इंग्लंडने फुटबॉल प्रशिक्षकांच्या अत्याचारांवरचा शेल्डन अहवाल २०२१ मध्ये आल्यानंतर, २०२२ मध्ये सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूंच्या बाबतीत कोचला शिक्षकाच्या बरोबरीने विश्वासाच्या पदावरचा माणूस ठरवले. आपल्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या सर्व मुलांसाठी विश्वासाच्या आणि अधिकाराच्या पदावरून केलेला गुन्हा आधीपासूनच अधिक गंभीर मानला आहे. कायद्याच्या बाबतीत आपण मागे नाही.

म्हणून जिल्ह्याकडे आमची मागणी नव्या कायद्याची नाही. पावसाळा सरला की प्रकल्पस्तरीय क्रीडास्पर्धा सुरू होतात. त्याआधी देवरी प्रकल्प कार्यालयाने आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी प्रत्येक कोचला, कंत्राटी असो की कायम, एका दिवसासाठी बोलवावे आणि कलम १९ वाचून, समजावून सांगावे. सांगणारा विशेष बालपोलीस पथकाचा अधिकारी असावा, म्हणजे कोचला निदान एक चेहरा आणि एक नंबर माहीत होईल. मुलींचा संघ बाहेर जाईल तेव्हा सोबत एक महिला कर्मचारी गेलीच पाहिजे आणि तिच्या प्रवासभत्त्याची फाइल स्पर्धेच्या आधी मंजूर झाली पाहिजे, कारण आज ती बहुतेकदा भत्त्याअभावी जात नाही. मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर न लिहिता मैदानावर, न्हाणीघराजवळ, मुलांना एकटे असताना दिसेल तिथे लिहावा, आणि फोन कुठून करायचा तेही ठरवून द्यावे, कारण आश्रमशाळेतल्या मुलाकडे मोबाइल नसतो. अकॅडमींच्या पडताळणीची यादी पोलीस अधीक्षकांनी जाहीर करावी; ज्या अकॅडमीचे नाव त्यात नाही तिथे मुलगी पाठवायची की नाही ते पालक ठरवतील.

आणि ज्याने कळवले त्या कंत्राटी शिक्षकाची नेमणूक प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत थांबवता येणार नाही, असा आदेश आदिवासी विकास विभागाच्या नागपूर अपर आयुक्तांनी काढावा. अशा कोचवर संस्थेला कारवाई करायची असेल तर त्या कारवाईचे कारण आधी प्रकल्प अधिकाऱ्यांपुढे लेखी मांडावे लागेल, एवढी एक अट घातली तरी पुढचा मॅकक्वीरी ठाण्याची पायरी चढण्याआधी पन्नासदा मागे वळून पाहणार नाही. असा आदेश निघेपर्यंत कोचचे कर्तव्य थांबत नाही. ते कलम १९ ने आज, या क्षणी त्याच्यावर आहे.